हीटिंग मॅटसाठी थर्मोस्टॅटने खोलीतील हवा मोजावी की फरशी?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. सोलापुरात कोणी फरशी तापवण्याची तजवीज करतो आहे हे वाचून हसू येईल, कारण मे महिन्यात ती येथे आपणहून तापते. परंतु माझ्या आईला संधिवात आहे आणि डिसेंबर-जानेवारीतील पहाटे तळमजल्यावरच्या शहाबादी फरशीवर पाय टेकवताना तिचे होणारे हाल मी रोज पाहतो. म्हणून तिच्या पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत सुमारे 3 चौरस मीटर जागेत विजेची हीटिंग मॅट टाकून वर टाइल्स बसवणार आहे. मॅट चौरस मीटरला 150 वॅटची आहे. बसवणाऱ्याचे म्हणणे असे, की भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोलीतील हवा मोजतो, तेवढे पुरे. फरशीत सेन्सर घालण्याचा खर्च वाया जाईल. आईला मधुमेहही असून तळपायांची संवेदना कमी झाली आहे. त्याचे ऐकावे का?

उत्तर 1

ऐकू नये. हवा 20 अंश सेल्सिअस असताना खालची फरशी किती तापली आहे, हे भिंतीवरच्या उपकरणाला कळण्याचा मार्गच नाही. युरोपीय मानक ईएन 1264 नुसार वावराच्या जागेत फरशीच्या पृष्ठभागाची कमाल मर्यादा 29 अंश आहे, न्हाणीघरात 33. आपल्या आईंसाठी मी 26 च्या पुढे जाणार नाही. गारठा मोडण्यास तेवढे पुरते. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या 1947 मधील प्रयोगांत 44 अंशांचा पृष्ठभागही सुमारे 6 तास लागून राहिल्यास त्वचा भाजते, असे आढळले होते. ज्याला संवेदना आहे तो पाय उचलतो. ज्याला नाही त्याचा पाय तेथेच राहतो, म्हणून मर्यादा यंत्रानेच पाळली पाहिजे.

उत्तर 2

मी वायरिंगचे काम करतो. सेन्सर थेट सिमेंटमध्ये गाडू नका. टोक बंद केलेल्या कंड्युट पाइपमध्ये, मॅटच्या दोन तारांच्या बरोबर मध्ये येईल असा सरकवा, म्हणजे बिघडल्यास टाइल न फोडता बदलता येईल. हे सेन्सर बहुधा एनटीसी प्रकारचे असतात, म्हणजे गारव्यात त्यांचा रोध वाढतो. त्यामुळे सेन्सरची तार तुटली तर साध्या थर्मोस्टॅटला फरशी बर्फासारखी थंड वाटते आणि तो मॅट चालूच ठेवतो. चांगला थर्मोस्टॅट अशा वेळी दोष दाखवून पुरवठा तोडतो. खरेदीआधी दुकानदाराला नेमके हेच विचारा, आणि बसवल्यावर वीज बंद करून सेन्सरची एक तार सोडवून, पुन्हा चालू करून खात्री करून घ्या. मॅटला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग हवेच. टाइल्स बसवण्याआधी आणि नंतर मॅटचा रोध मोजून लिहून ठेवावा, नाहीतर करणीच्या टोकाने तार कापली गेल्याचे महिनाभराने कळते.

उत्तर 3 (होटगी रोड)

वरील सारे योग्य आहे, पण सेन्सर जेथे बसवला आहे तेवढीच फरशी मोजतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो. आमच्याकडे सेन्सर दाराजवळ होता आणि मर्यादा 27 अंशांवर होती. एका रात्री पाहुण्यांसाठी मॅटच्या दुसऱ्या टोकाला गादी घालून त्यावर सोलापुरी चादर अंथरली. पहाटे गादी उचलली तेव्हा तिची खालची बाजू इस्त्री नुकतीच फिरवलेल्या कापडासारखी लागली आणि थर्मोस्टॅटवर मात्र निवांतपणे 27 दिसत होते. वर गादी असल्याने उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती, खालून मात्र ती येतच होती. तेव्हापासून त्या पट्ट्यावर गादी, जाड सतरंजी किंवा बिनपायांचे कपाट ठेवायचे नाही, असा घरात दंडक आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आई दुपारी त्याच जागेवर सतरंजी टाकून जप करायला बसते, हे लिहायचे राहून गेले होते. आता मॅट फक्त चालण्याच्या वाटेपुरती ठेवून तिची बसण्याची जागा खिडकीखाली नेतो, आणि बसवणाऱ्याला फरशीत एकाऐवजी दोन कंड्युट टाकायला सांगतो.