४० मीटरला एलएसबी अन् २० ला यूएसबी, हे असं काहून?

बर्डीचा_श्रोता
नमस्कार मंडळी. हॅम रेडिओच्या लायसन्सची, म्हणजे एएसओसीची परीक्षा झाली, लायसन्स यायचंय, तोवर कॉम्प्युटरला रेडिओचं डोंगल लावून नुसतं ऐकून राहिलो. सकाळी ४० मीटर बँडवर, ७१०० किलोहर्ट्झच्या आसपास आपली मंडळी बोलतात ते एलएसबीत (खालच्या साइडबँडात) स्वच्छ येतं, मंग २० मीटरला, १४२०० ला गेलो की सगळे बदकासारखे बोलतात, कितीही ट्यून करा, काही फरक नाही, यूएसबी (वरचा साइडबँड) केलं की लगेच माणसात येतात. पुस्तकात एवढंच की १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी अन् वर यूएसबी. पण काहून? सरकारी नियम आहे का हा? ४० वर यूएसबीत बोललो तर नोटीस येते का?

मानेवाडा_डायपोल
नोटीस कशाची येते भाऊ. सिंगल साइडबँड (एसएसबी, म्हणजे कॅरिअरची मूळ लहर दाबून आवाजाची एकच बाजू पाठवणं) आवाजाचा कोड जे३ई, त्यात वरचा की खालचा हे येतच नाही, हा हॅम लोकांचा आपसातला रिवाज आहे. पण ७१०० ला यूएसबीत सीक्यू (कोणी आहे का, ही हाक) मारत बसशील तर कोणी उत्तर देणार नाही. १ किलोहर्ट्झचा सूर एलएसबीत ७०९९ वर जातो, यूएसबीत ७१०१ वर, म्हणजे उलट्या बाजूनं ऐकलं की आवाजाचा पट्टाच उलटा होतो, खर्ज वर अन् तार खाली, ते डायल फिरवून कसं सरळ होईल? वरून डायलच्या ज्या बाजूला कोणाला अपेक्षा नाही तिथे तू पसरतो अन् शेजारच्या क्यूएसओवर (चालू बोलण्यावर) चढतो.

जुना_वाल्व
कारण जुन्या सेटात आहे. तेव्हा एसएसबी ९ मेगाहर्ट्झच्या फिल्टरवर बनायची अन् व्हीएफओ (डायलनं फिरणारा ऑसिलेटर) ५ ते ५.५ चा. बेरीज केली की १४, वजाबाकी केली की ३.५ ते ४, एकाच सेटात २० अन् ८० मीटर दोन्ही बँड फुकटात. वजाबाकीत साइडबँड उलटतो म्हणून ८० ला एलएसबी झालं, पुढे ४० नं तेच उचललं.

सक्करदरा_सोल्डर
काका, ही गोष्ट सगळीकडे अशीच सांगतात पण गणित बसत नाही. साइडबँड तेव्हाच उलटतो जेव्हा एसएसबी सिग्नल *मोठ्या* फ्रिक्वेन्सीतून वजा होतो. इथे ९ मधून ५ वजा होऊन राहिले, एसएसबी स्वतःच ९ ला आहे, मंग बेरीज करा की वजाबाकी, यूएसबी ते यूएसबीच राहते. उलटवायचं तर एसएसबी ५ ला बनवा अन् व्हीएफओ ९ ला ठेवा, मंग ९+५ सरळ अन् ९-५ उलटं. तसे सेट असतील तर गोष्ट खरी, ९ च्या फिल्टरवाल्याला साइडबँड बदलायला कॅरिअरचा क्रिस्टलच बदलावा लागते. कागदावर दोन बाण काढून पाहा, पटते.

जुना_वाल्व
काढले बाण. बरोबर आहे बे.

बर्डीचा_श्रोता
मस्त! पण मंग ७०७४ चं एफटी८ (कॉम्प्युटरनं टोन पाठवायचा डिजिटल मोड) यूएसबीत काहून? अन् ६६७६ वर मुंबईचं विमानांसाठीचं हवामान येते तेही यूएसबीतच, १० च्या खाली असून.

मानेवाडा_डायपोल
कारण तो १० चा रिवाज फक्त हॅमच्या आवाजाचा. विमानं, जहाजं एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) सगळीकडे यूएसबीच वापरतात. एफटी८ तर प्रत्येक बँडला यूएसबी, नाहीतर टोन उलटे होऊन काही डीकोडच होत नाही. हॅममध्येही ६० मीटर, ५ मेगाहर्ट्झचा, तिथे यूएसबी. ३० मीटरला आवाज सहसा करत नाही कोणी, म्हणून १० ची रेघ तिथे कोणाला टोचत नाही. लायसन्स आल्यावर एक ध्यानात ठेव, डायल म्हणजे दाबलेल्या कॅरिअरची जागा. आपल्याकडे ४० मीटर ७२०० पर्यंत, एलएसबीत ७१९९ ला बसला तरी आत आहेस, पण २० मीटर १४३५० ला संपतो, तिथे यूएसबीत १४३४७ च्या वर डायल नेला की आवाज बँडबाहेर. याची मात्र नोटीस येऊ शकते.

सक्करदरा_सोल्डर
अन् सॅटेलाइट ऐकशील तर एओ-७ चा मोड बी ट्रान्सपॉन्डर (सिग्नल पकडून परत खाली पाठवणारा) पट्टाच उलटवतो, म्हणून वर जाताना एलएसबी, खाली येताना यूएसबी. क्यूओ-१०० उलटवत नाही, दोन्हीकडे यूएसबी. पण ते नंतर, आधी कूलर बंद करून ४० ऐक, मोटरचा खरखराट किती जातो ते दिसते.