हेलिकॉप्टर टेकलेलं नसताना माणूस चढवायचा का?

मांजराकाठ
सप्टेंबर 2025 च्या पुरात परंड्याकडं हेलिकॉप्टरनं माणसं काढली, तेव्हापासून आमच्या पारावर एकच वाद. पोलिसांनाही हे शिकवा म्हणतेत: हेलिकॉप्टर हात-दोन हात वर थांबवायचं, जवानांनी पळत येऊन चढायचं. पुरात जीव चाललेला असतो, तिथं माझी हरकत नाही. पण आरोपी हुडकायला निघालेल्यानं पाच मिनिटं वाचवायला अधांतरी का चढावं? 25 मे 2017 ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडालं की लगेच खाली आलं. सगळे वाचले म्हणून बरं. आणि ते तर रीतसर टेकवून उडवलेलं होतं.

ढेकूळ
टेकवायचं कुठं दादा? पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो. एक चाक चिखलानं धरलं आणि पायलटनं उचल घेतली, तर अख्खं धूड त्या चाकावरच कलंडतं. गडचिरोलीच्या जंगलात गोळी लागलेला जवान असला तर हेलिपॅड बांधत बसणार का?

मांजराकाठ
तरंगताना बांधाला चाक अडकलं तरी तसंच कलंडतं की! त्यापेक्षा दोरानं वर घ्या.

ढेकूळ
दोराचं झारखंडच्या देवघरला बघितलं. एप्रिल 2022, त्रिकूटचा रोपवे. अडकलेल्यांची हेलिकॉप्टरनं सुटका चालू असतानाच माणसं वरून पडली.

जुना मेकॅनिक
नोकरी हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली, म्हणून बोलतो. बंदूक-पिशवीसकट शंभर किलोचा गडी एका दारानं चढला की यंत्र त्याच अंगाला झुकतं. पायलट काठी उलट दाबून तोल धरतो, अन् गडी आत सरकला की परत सोडतो. दोघं एकदम चढले तर त्याचा अंदाज चुकतो. म्हणून दारातला माणूस खूण करील तेव्हा एकेकानंच यायचं, बूड टेकलं की पुढचा. दुसरं, जमिनीलगत पंख्याखाली हवेची गादी तयार होते, तिच्यावर यंत्र कमी ताकदीत तरंगतं. उतारावर ती गादी नीट मिळत नाही. त्यात मे महिन्यातली आपली 42 अंशाची पातळ हवा. ताकद काठावर असताना माणूस चढवूच नये. चढाच्या बाजूनं तर कुणी यायचंच नाही, तिकडं पातं डोक्याला भिडतं.

खाकी ताई
हेलिपॅडच्या बंदोबस्ताला उभी राहिलेय. आम्हाला शिकवण काय, तर धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारून घ्या! एकदा टोपी उडाली म्हणून आमच्यातला एक शिपाई शेपटीकडं धावला. साहेबांनी कॉलर धरून मागं ओढला. यंत्र टेकलेलंच होतं. एप्रिल 2023 मध्ये केदारनाथला शेपटीच्या पंख्यानं एक अधिकारी गेला, तोही हेलिपॅडवरच. जुन्या काकांचं खरंय, आधी सराव द्या, मग वर न्यायचं बघा.

मांजराकाठ
सराव द्याच, ताई. तरी माझं म्हणणं तेच. पलीकडच्या मुरमाड माळावर टेकवा अन् दीड किलोमीटर चालत जा. जवानाला काय जड आहे?

ढेकूळ
मधे मांजरा आहे भाऊ. नावातच लिहिलंय की तुमच्या.