ग्रँटच्या मागे लागून छोट्या संस्थांचं भलं होतं का? (बडोदे)

बाबाजीपुरेकर:
आमचं वाचनालय जुनं आहे. संध्याकाळी तिथे म्युनिसिपल शाळेतल्या मुलांची अभ्यासिका चालते. खर्च काय, तर ग्रंथपालांचं मानधन, शिकवणाऱ्या मुलींचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं. आजवर वर्गणीत भागायचं, आता भागत नाही. नवी कमिटी आल्यापासून मीटिंगला एकच विषय असतो: ग्रँट. कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'अनुदान देणारी २०० फाउंडेशन्स' अशी एक्सेल फाइल टाकली आणि तरुण मंडळींनी ती आपापसांत वाटून घेतली. आता रोज कुठे ना कुठे अर्ज जातोय.

माझा याला विरोध आहे. आपली गरज वीजबिलाची, आणि बाहेरचा पैसा मिळतो 'प्रोजेक्ट'ला. मग वीजबिल भरायला आपण प्रोजेक्ट उभा करायचा, त्यासाठी माणूस नेमायचा, आणि वर्षाने पैसा थांबला की तो माणूस आणि वीजबिल दोन्ही आपल्या गळ्यात. शिवाय 'यांना मोठं अनुदान मिळतंय' असं एकदा पेठेत झालं की दारात वर्गणी मागायला जायची सोय राहत नाही.

सयाजीरावांच्या राज्यात गावाला वाचनालय हवं असेल तर गावाने आधी आपला वाटा जमवायचा, मग प्रांत पंचायत आणि सरकार आपापला घालणार. आधी गावाचा पैसा. बडोद्यात राहून आपण एवढंही शिकलो नसू तर कठीण आहे.

मांजलपूरचा सीए:
काका, ती यादी डिलीट करा, याबाबतीत मी तुमच्याच बाजूला आहे. २०० ठिकाणी एकच अर्ज पाठवणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं. पण तिथून तुम्ही थेट 'बाहेरचा पैसाच नको' वर उडी मारलीत, ती मान्य नाही.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आदल्या वर्षी ५ कोटी निव्वळ नफा, किंवा १,००० कोटी उलाढाल, किंवा ५०० कोटी नेटवर्थ, यांतलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यालाच सीएसआर म्हणतात. कशावर, ते परिशिष्ट ७ मध्ये दिलंय, आणि त्यात सार्वजनिक वाचनालयं सुरू करणं हे स्पष्ट शब्दांत आहे. शिक्षण तर आहेच. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. आता बडोद्याचा आसपास बघा: कोयलीची रिफायनरी, नंदेसरी, मकरपुरा, वाघोडिया, थोडं पुढे हालोल.

सगळे मोठ्या नावांकडे धावतात. मी म्हणेन मकरपुरा-वाघोडियातल्या मधल्या कंपन्या बघा. सरासरी नफा ६ कोटी असेल तर सीएसआरची रक्कम झाली १२ लाख. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर कमिटी नेमायचीही सक्ती नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे तुम्हाला मालकाशीच बोलायचंय, आणि तो बहुधा आपल्याच शहरात राहतो. आधी त्यांनी कुणाला काय दिलं हे बऱ्याचदा त्यांच्या वार्षिक अहवालात किंवा वेबसाइटवर सापडतं. आधी ते वाचायचं, मग फोन उचलायचा.

वाडीतली ताई:
सीएभाऊ, कागदावर सगळं बरोबर. मी महिला आरोग्याच्या संस्थेत काम करते, सीएसआरचा पैसा घेऊन बसले आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते.

फोन येतो जानेवारीनंतर. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, कारण चालू प्रकल्पात न बसणारी उरलेली रक्कम त्यांना सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते. त्यामुळे घाई त्यांची आणि धावपळ आपली. एका कंपनीने (नाव घेत नाही) आम्हाला विचारलं, 'लाभार्थी किती?' आम्ही म्हणालो, साठ बायका, वर्षभर पाठपुरावा. ते म्हणाले, सहाशे करा, एकदाच शिबिर घ्या. टी-शर्ट, बॅनर, फोटो याला पैसे होते. गावात रोज चालत जाणाऱ्या कार्यकर्तीच्या पगाराला नव्हते. 'ॲडमिन ५ टक्क्यांच्या वर चालत नाही', असं तोंडावर सांगितलं.

तुमच्या अभ्यासिकेत मुलं तीस असतील. त्या तिसांसाठी तुम्हाला टॅब्लेट मिळतील, शिकवणाऱ्या मुली मिळणार नाहीत. तेव्हा बाबाजीपुरेकर काकांची भीती खरी आहे.

मांजलपूरचा सीए:
ताई, त्या ५ टक्क्यांबद्दल तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नाही. कंपनी मंत्रालयाने खुलाशात हे सांगितलेलं आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात २० टक्क्यांची मर्यादा संस्थेवर आहे, २०२० च्या दुरुस्तीआधी ती ५० होती. लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि बिचाऱ्या संस्था मान डोलावतात.

कार्यकर्तीचा पगार हा प्रशासकीय खर्च नाहीच, तोच कार्यक्रम आहे. शिकवणाऱ्या मुलींचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहायचं, शेवटच्या ओळीत 'इतर' मध्ये नाही. वीजबिलाचंही तसंच: अभ्यासिका रोज तीन तास चालत असेल तर तेवढ्या तासांचा वाटा प्रोजेक्टमध्ये धरायचा. यात लबाडी काही नाही. दिव्याशिवाय मुलं वाचणार कशी?

कपाटाची किल्ली:
मी निवृत्त ग्रंथपाल. बाबाजीपुरेकरांनी सयाजीरावांचा दाखला दिला म्हणून राहवेना.

महाराज १९०६ साली अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली, आणि १९१० मध्ये तिथले ग्रंथपाल बॉर्डनसाहेब यांना इकडे आणून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. इथवर सगळे सांगतात. पण तुम्ही जो हिशेब दिला तो पुरा करा ना! एक तृतीयांश गावाचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा. म्हणजे दोन हिस्से बाहेरूनच आले. नुसत्या गावाच्या वर्गणीवर ती वाचनालयं उभी राहिली असती तर महाराजांना तिजोरी उघडायची गरज काय होती? तुमचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो.

दुसरं. एवढी चर्चा झाली पण राजा राममोहन राय लायब्ररी फाउंडेशनचं नाव कुणी घेतलं नाही. कोलकात्याला आहे, १९७२ पासून, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली. वाचनालयांना मदत करणं हेच त्याचं काम: पुस्तकं, कपाटं, इमारत, संगणक. काही योजनांत राज्य सरकार आपला वाटा घालतं, काहींत सगळा पैसा फाउंडेशनचा. आपल्याकडे वाट गांधीनगरच्या ग्रंथालय खात्यातून जाते. वेळ लागतो, कागद लागतात, वीजबिल मात्र यातून सुटणार नाही. पण पुस्तकखरेदीचा भार उतरला तर तुमची वर्गणी वीजबिलाला मोकळी होते की नाही?

आणि वाचनालयात जुनी हस्तलिखितं, नाटकमंडळ्यांचे फोटो, संगीताच्या मैफिलींच्या जाहिराती वगैरे पडल्या असतील तर बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स बघा. कला आणि संग्रहांच्या कामाला ते अनुदान देतात, आणि अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. मराठीत लिहा. इंग्रजी येत नाही म्हणून माझ्या ओळखीच्या किती मंडळांनी अर्जच केला नाही, ते आठवलं की वाईट वाटतं.

फतेगंजचा:
एवढे उपद्व्याप कशाला? बडोद्याची अर्धी पोरं अमेरिकेत आहेत. गणपतीला न्यू जर्सीहून डॉलर येतात, वाचनालयाला का नाही? एक व्हिडिओ बनवा, ऑनलाइन फंडरेझर टाका, झालं.

मांजलपूरचा सीए:
थांबा, थांबा. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते. तिकडे गेलेला मुलगा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं. त्याने अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, तो कायद्याने परदेशी स्रोत. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. वाचनालयाचा तेवढा झालाय का, ताळेबंद काढून बघा. पैसा आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या खात्यातच उतरवावा लागतो. आणि २०२० पासून नोंदणी असलेली मोठी संस्था तो पैसा पुढे छोट्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणून व्हिडिओ टाकण्याआधी देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला, ते विचारायची सोय करा.

फतेगंजचा:
बरं. मग इथल्या लोकांसाठी टाकू. ८०जी, म्हणजे देणाऱ्याला करसवलत, आहे ना आपल्याकडे?

बाबाजीपुरेकर:
८०जी आहे. पण माझा मुद्दा कुणी हातच लावत नाहीये. वाचनालयाच्या घटनेत पहिला उद्देश लिहिलाय: 'बडोद्यातील मराठी जनांच्या वाचनाची व विद्येची अभिवृद्धी'. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं, 'फक्त मराठी का?' आमच्या एका पोराने लगेच कळवून टाकलं की पुढचा अर्ज 'डिजिटल साक्षरता केंद्र' म्हणून करतो. म्हणजे मराठी गेलं, वाचनालयही गेलं. हेच होणार म्हणून मी ओरडतोय. देणाऱ्याला काय हवंय ते पाहून आपण आपलं नाव बदलायला लागलो की उद्या तो 'कौशल्य विकास' म्हणाला तर तेही होऊ.

वाडीतली ताई:
काका, राग येऊ देऊ नका, पण अभ्यासिकेत बसणारी मुलं कोण आहेत? मी एकदा आले होते. गुजराती होती, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांची होती, आपली मराठी मुलं मोजकीच. शिकवणाऱ्या मुलींपैकी एकजण गुजरातीतच समजावत होती. तुम्ही त्यांना कधी हाकललं नाहीत, हे तुमचं मोठेपण. मग अर्जात 'म्युनिसिपल शाळेतली मुलं' असं लिहिलं तर ते खोटं कसं? घटना मागे राहिली आहे, काम पुढे गेलंय. त्या बाईंचा प्रश्न आगाऊ नव्हता.

'डिजिटल साक्षरता'ला मात्र माझाही विरोध. जे करत नाही ते लिहायचं नाही. आम्ही एकदा दुसऱ्याच्या सोयीचं काम अंगावर घेतलं होतं, दोन वर्षं मूळ काम लंगडं चाललं.

कपाटाची किल्ली:
मराठी विभागाची पुस्तकं मात्र कुणाच्या अनुदानासाठी कमी करू नका. तेवढ्यासाठी वेगळी वर्गणी काढा, मी देतो.

फतेगंजचा:
आणि तो सल्लागार? अलकापुरीत ऑफिस आहे, म्हणतो ग्रँट मंजूर झाली तरच १० टक्के घेणार, नाही मिळाली तर काही नको. मला तर बरं वाटलं, आपली काही जोखीम नाही.

मांजलपूरचा सीए:
जोखीम सगळी तुमचीच आहे. ते १० टक्के दाखवणार कुठे? मंजूर अंदाजपत्रकात 'दलाली' अशी ओळ नसते. मग खोटं बिल लागतं, ऑडिटला मी बसणार आणि सही तुमच्या विश्वस्तांची. शिवाय टक्केवारीवाला माणूस रक्कम फुगवणार, कारण त्याचं पोट त्यावर. लिहून देणाऱ्याला ठरलेली फी द्या, वर्गणीतून द्या, पावती घ्या.

बाबाजीपुरेकर:
वर्गणीतून! शेवटी वर्गणीच कामाला आली ना?

मांजलपूरचा सीए:
आली काका, एक तृतीयांश. आता एकच सांगा, चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसातून पी.टी.आर.चा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा शेवटचा कधी काढला होता? सीएसआर-१ हा संस्थेच्या नोंदणीचा फॉर्म भरल्याशिवाय कुठलीही कंपनी तुम्हाला सीएसआरचा पैसा देऊ शकत नाही. २०२१ पासून सक्तीचा आहे. त्याला १२ए (संस्थेच्या आयकर सवलतीची नोंदणी), ८०जी लागतं, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो आणि विश्वस्तांची नावं लागतात.

बाबाजीपुरेकर:
उतारा आहे. नऊ नावं आहेत. त्यातले पाच जण आता नाहीत.

वाडीतली ताई:
आणि विश्वस्त बदलल्याचा फेरफार रिपोर्ट?

बाबाजीपुरेकर:
नाही भरलेला. बँकेत सही माझी आणि खजिनदारांची चालते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मांजलपूरचा सीए:
मग पोरांना सांगा, अर्ज थांबवा. पाचही मृत्यूचे दाखले, नव्या नेमणुकांचे ठराव आणि मिनिट बुक घेऊन या. आधी फेरफार रिपोर्ट, त्याशिवाय पुढचा कागद हलत नाही. फी घेणार नाही.

बाबाजीपुरेकर:
दाखले जमवतो. पण उद्देशाच्या ओळीला हात लावू देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वाडीतली ताई:
त्यावर मीटिंगमध्ये बोलू, काका. मी येते आहे, शिकवणाऱ्या मुलींनाही बोलवा.