‘९११ म्हणजे सोनं’: स्पोर्ट्स कारच्या रिसेलचा हिशेब मांडू या का?

टर्बोलॅग (बाणेर)

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मागच्या महिन्यात पोर्श ९११ घेतली. पेढे देताना म्हणाले, "एफडीत ठेवून काय मिळतं हो? ही गाडी चार वर्षांनी घेतल्या भावात जाते." मी पेढा खाल्ला, वाद घातला नाही. तो इथे घालतो.

आधी किंमत कशी चढते बघा. परदेशातून तयार येणारी महागडी गाडी बंदरावर १०० रुपयांची धरा. कस्टमचे सगळे मिळून ११०, म्हणजे झाले २१०. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे २९४. यात डीलरचा नफा नाही, विमा नाही. मग आरटीओ. महाराष्ट्रात रोड टॅक्सची कमाल मर्यादा २० लाख होती, २०२५ मध्ये ती ३० लाख झाली. थोडक्यात, तुम्ही एक भाग गाडी घेता आणि दोन भाग सरकार. गाडी हळूहळू झिजते, पण कर एका रात्रीत बदलतो.

२२ सप्टेंबर २०२५ आठवा. तोवर मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून ४८-५० टक्के लागत होते, त्या दिवशी सरसकट ४० झाले. गणपती बसले त्या दिवशी ज्याने गाडी घरी आणली, त्याची तीच गाडी घटस्थापनेला काही लाखांनी उतरली. किलोमीटर किती झाले होते? पाचशे?

कधी कधी तर कंपनीच घाव घालते. फोक्सवॅगनने २०१६ च्या नोव्हेंबरात पोलो जीटीआय २५.९९ लाखांना आणली (साधी पोलो आपल्या चाकणला बनायची, ही मात्र जहाजाने आली) आणि वर्षभरात तिचीच किंमत १९.९९ वर आणून ठेवली. पहिल्यांदा घेणाऱ्यांचे सहा लाख बसल्या जागी गेले. आता सांगा, याला गुंतवणूक म्हणायचं?

घाटचढ्या

हिशेब बरोबर, निष्कर्ष उलटा. नवी गाडी कराने महाग झाली की जुनीलाही तोच टेकू मिळतो. आज शोरूममध्ये तशी गाडी घ्यायला किती लागतील, त्यावरच जुनीचा भाव ठरतो.

फोर्डच्या मस्टँगचं बघा. २०१६ मध्ये ६५ लाख एक्स-शोरूम. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवलं तेव्हा सगळे म्हणाले, आता भंगाराच्या भावात मिळेल. मी दोन वर्षं वाट बघत बसलो. मिळाली नाही. टर्बो नसलेलं पाच लिटरचं व्ही-८ त्या पैशात दुसरं कोण देतंय?

आणि ती पोलो जीटीआय आली होती मोजून ९९. विकायला काढलेली एक दाखवा, मी उद्या टोकन देतो.

शिवाय इथे माल मुळात कमी. होमोलोगेशनशिवाय (म्हणजे इथली तपासणी-मान्यता न घेता) कंपनीला वर्षाला २५०० गाड्याच आणता येतात, त्यातही अशा मॉडेलच्या वाट्याला शेकड्यात येतात. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआयच्या पहिल्या १५० गाड्या ५३ लाखांना आणि ऑक्टेव्हिया आरएसच्या १०० गाड्या ५० लाखांना बघता बघता गेल्या. लोकांनी रांगा लावल्या.

हप्तेवाला

रांग नवीन गाडीला असते. जुनीला एजंट असतो.

सेकंडओनर (पिंपळे सौदागर)

दोघेही गाडीबद्दल बोलताय. सेकंडहँडमध्ये विकली जाते ती फाइल.

दोन वर्षांपूर्वी कल्याणीनगरच्या एका बेसमेंटमध्ये दोन दरवाज्यांची जर्मन कूपे बघायला गेलो होतो. नाव सांगत नाही, विक्रेता अजून धंद्यात आहे. मीटरवर ९,००० किलोमीटर, दिल्ली पासिंग, गाडी आरशासारखी. मी मोबाइलचा टॉर्च लावून खाली बसलो. पुढच्या बंपरखालच्या लिपची कड पूर्ण खरवडलेली. ते सोडा, आपल्या स्पीडब्रेकरवर सगळ्यांचंच होतं. पण टायरवरचे चार आकडे बघितले. पुढच्या दोन्हींवर २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मागच्यांवर ०८२२. नऊ हजारात मागचे टायर बदलले? "साहेब, पंक्चर झालं होतं." दोन्ही? त्यावर चहा मागवला गेला.

९११ असेल तर आणखी एक गोष्ट मागा, इंजिन कंट्रोलरचा ओव्हर-रेव्ह रिपोर्ट. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलंय ते त्यात टप्प्याटप्प्याने नोंदलेलं असतं. जो द्यायला कां कू करतो, त्याच्या गाडीचा भाव आपोआप उतरतो.

दिल्लीची गाडी म्हणजे एनओसी, इकडचा रोड टॅक्स नव्याने आणि तिकडचा परत मिळवायला हेलपाटे. बारा महिन्यांच्या आत एमएच १२ करून घ्यावी लागते. विकणारा हे "पेपरवर्क" या एका शब्दात सांगतो.

टर्बोलॅग

@घाटचढ्या, टेकूचा मुद्दा मान्य. पण टेकू सरकारच्या हातात आहे. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनबरोबर करार झाला. तिकडच्या गाड्यांवरची शंभर टक्क्यांच्या वरची ड्युटी ठरलेल्या कोट्यापुरती टप्प्याटप्प्याने १० वर यायची आहे. ज्याच्या दारात ब्रिटिश मॅकलॅरेन उभी आहे त्याला विचारा, रात्री झोप लागते का.

शिवाय ‘९११’ ही काही एक गाडी नाही. तिची शर्यतीच्या धाटणीची आवृत्ती जीटी३ कंपनी मागेल त्याला देत नाही, म्हणून तिला भाव. शेजाऱ्यांची साधी कॅरेरा आहे. विम्यातसुद्धा तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत ४० टक्के वजा करूनच धरतात. आणि हेच पोर्शचं बोधचिन्ह विजेवरच्या टायकानवर असलं की काय होतं, ते जगभरच्या जुन्या बाजारात दिसतंय.

रेडलाइन_ताई

काका, तुम्ही सगळे गाड्या विकायलाच घेता का?

माझी बीएमडब्ल्यू एम२ आहे, मॅन्युअल. रविवारी पहाटे साडेपाचला निघते, ताम्हिणी उतरून माणगावला मिसळ, मग परत घरी. पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, तेच भरते. रिसेल सांभाळायचा म्हणून वर्षात हजार किलोमीटर चालवणारे मला माहीत आहेत. त्यांची बॅटरी चार्जरला, टायर कडक, सील कोरडी. विकताना "कमी चाललेली" म्हणून लाखभर जास्त मागतात आणि घेणारा तेवढेच वर्कशॉपला देतो.

घाटचढ्या

ताई, तुमची मॅन्युअल आहे म्हणून तुम्हाला चिंता नाही. ऑटोमॅटिक घेतली असती तर याच धाग्यात आमच्या बाजूला बसून रडला असता.

रेडलाइन_ताई

😄 विकायला काढली तर पहिला फोन तुम्हाला. भाव मात्र करणार नाही.

फ्लॅटसिक्स_४०२

नमस्कार. पेढेवाला मीच.

टर्बोलॅग, तुम्ही बी विंगमधले ना? चिरंजीवांनी लिंक पाठवली. दोन खुलासे. एक, गाडी कंपनीच्या नावावर आहे. रोड टॅक्स भरपूर लागला, हे खरं. पण दरवर्षी १५ टक्के घसारा खर्चात जातो, म्हणून माझं ‘घेतल्या भावात’ आणि तुमचं ‘घेतल्या भावात’ वेगळं आहे. सीएला विचारून बोललो होतो. दोन, गाडी नवी नाही, तीन वर्षं जुनी आहे. पेढे वाटताना हे सांगायची पद्धत नसते.

सेकंडओनर

साहेब, कुठून घेतली? ओव्हर-रेव्ह रिपोर्ट घेतला होता का?

फ्लॅटसिक्स_४०२

रिपोर्ट? विकणारा म्हणाला, पहिला मालक डॉक्टर होता.

टर्बोलॅग

काका, संध्याकाळी सातला पार्किंगमध्ये या. टॉर्च मी आणतो.