विमानाचे रिव्हेट रोबोच्या हाती द्यावेत का?

तिरका डोळा: 'एआयवाले रोबो विमानं बांधणार' असं वाचलं की मला अमेरिकेतला बोइंगचा एव्हरेटचा कारखाना आठवतो. बोइंगने २०१४ मध्ये ७७७ विमानाच्या धडासाठी रोबोंच्या जोड्या आणायचं जाहीर केलं. एक बाहेरून भोक पाडून फास्टनर (पत्रे जोडणारे रिव्हेट वगैरे) घालणार, दुसरा आतून साथ देणार. एका धडात असे सुमारे ६० हजार फास्टनर! आतल्या-बाहेरच्याचा ताळमेळच बसेना. अर्धवट राहिलेलं काम माणसं हाताने उरकायची. २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. भोकं यंत्राने आणि फास्टनर कारागिराच्या हाताने, इथवर गाडी परत आली. माझं मत सरळ आहे: धडाच्या कामात माणसाची जागा रोबोला देऊ नये.

धातुवेडा: एक प्रयोग फसला म्हणून निकाल लावून मोकळे? हॅम्बुर्गला एअरबसच्या ए३२० लाईनवर २०१८ पासून दोन सात-अक्षी रोबो भोकं पाडताहेत. नावंही ठेवलीत, लुइझे आणि रेनाटे. (आपल्याकडे खंडेनवमीला हळदकुंकूही लागलं असतं.) शिवाय आता कॅमेऱ्याने पत्रा नेमका कुठे सरकलाय ते बघून रोबो आपली वाट सुधारू शकतो.

निवृत्त फिटर: भोक पाडणं वेगळं, रिव्हेट बसवणं वेगळं, राव. आमच्यात एक बाहेरून रिव्हेट गन मारायचा, दुसरा आत अंग दुमडून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटचं टोक ज्यावर चेपतं तो धातूचा ठोकळा, धरायचा. तोंड दिसायचं नाही, आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. आतून एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे बसला, तीन म्हणजे काढून टाक. रिव्हेट वाकडा बसला की आधी तळहाताला कळायचं.

धातुवेडा: काका, तळहात मान्य. पण जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ची दाराच्या जागची झाकणी हवेत उडाली, ती माणसांच्याच हातची ना? बोइंगच्या रेन्टनच्या कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करायला उघडली आणि चार बोल्ट परत बसवलेच नाहीत.

तिरका डोळा: झाकणी उघडल्याची नोंदच सापडली नाही. जे कागदावर नाही ते तुमच्या रोबोला कोण सांगणार?

धातुवेडा: सांगायचं कशाला? तपास अहवालात फोटो आहे, कारखान्यातल्यांनीच एकमेकांना पाठवलेला. तीन जागी बोल्ट नाहीत हे त्यात दिसतं, चौथी जागा इन्सुलेशनने झाकलेली. हा फोटो बघून ओरडणारं यंत्र हवं होतं. एवढंच.

ओझरकर: हे पटलं. आमच्या नाशिकच्या तेजस लढाऊ विमानांच्या लाईनची क्षमता वर्षाला ८ विमानं. तेवढ्यासाठी हॅम्बुर्गची नक्कल केली तर रोबो बराच काळ नुसते उभे राहतील. तपासणीचे कॅमेरे मात्र ८ विमानांनाही लागतीलच.

तिरका डोळा: तपासणीला माझी ना नव्हतीच. हातात गन देण्याला होती.

निवृत्त फिटर: कॅमेरा लावा. पण लाल दिवा लागल्यावर लाईन थांबवायची कुणी, ते आधी लिहून घ्या. महिनाअखेरीला डिलिव्हरी अडली की दिवा कोण विझवतं ते बघितलंय मी.