'प्रूफ' नाण्याला मराठीत काय म्हणावं?

खुर्दा:
मंडळी, अडलंय. एका दिवाळी अंकासाठी जुन्या ब्रिटिश नाण्यांवरचा लेख मराठीत आणतोय. त्यात पानोपानी 'प्रूफ' येतं. मी प्रूफच ठेवलं होतं. संपादकबाईंनी सगळीकडे 'नमुना नाणे' करून परत पाठवलं. मी म्हटलं, अहो नमुना म्हणजे पॅटर्न, ती वेगळी जात. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच शब्द द्या, पण मराठी द्या.

नाण्यांचा नाद नसलेल्यांसाठी: प्रूफ म्हणजे मुद्दाम निगुतीने पाडलेलं नाणं. ठशाला जिल्हई, कोऱ्या चकतीलाही जिल्हई, आणि दाब एकदा नाही, दोनदा किंवा जास्त वेळा. बाजारात फिरवायला नव्हे. राज्यारोहणाच्या संचात घालायला, नजराणा द्यायला, शौकिनांना विकायला. 1826 चा चौथ्या जॉर्जचा संच, 1839 ची व्हिक्टोरियाची 'उना आणि सिंह' पाच पौंडी, 1887 चा ज्युबिलीचा संच, 1937 चा पंधरा नाण्यांचा, असे. लेखातलं कळीचं वाक्य हे: "झिजलेलं प्रूफ प्रूफच राहतं, आणि साधं नाणं कितीही चकचकीत असलं तरी प्रूफ होत नाही." हे वाक्य ज्याने मोडणार नाही असा शब्द हवाय.

शुद्धमती:
सोपं आहे. दर्पणमुद्रा. आरशासारखी पार्श्वभूमी असते ना? संपला विषय.

खिळेजुळारी:
प्रूफ मराठी नाही असं कोण म्हणतं? माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवून झाले की चौकट बांधायची, वरून शाईचा रूळ फिरवायचा, ओलसर कागद टाकून हाताने एक छाप काढायची. ते प्रूफ. घरी आईसुद्धा म्हणायची, "हे आज प्रुफं घेऊन बसलेत, जेवायला हाक मारू नकोस." अनेकवचन प्रुफं, चतुर्थी प्रुफांना. ज्या शब्दाचं सामान्यरूप होतं तो मराठीच.

गंमत बघा पण. आमच्या छापखान्यातलं प्रूफ म्हणजे सगळ्यात गचाळ प्रत. शाई सांडलेली, अक्षरं उलटी, कडेला वडिलांच्या अंगठ्याचा ठसा. आणि टांकसाळीतलं प्रूफ म्हणे सगळ्यात देखणं. एकच शब्द दोन टोकांना कसा गेला?

नेकरकाठी:
काका, मधला दुवा ताम्रपटावरच्या चित्रांचा असावा. पत्रा ताजा असताना काढलेल्या पहिल्या छापा म्हणजे प्रूफ, आणि रेघा सगळ्यात तीक्ष्ण त्याच उठायच्या. म्हणून शौकीन त्याच मागायचे. चाचणीची प्रत तीच उत्तम प्रत, असं झालं.

मी जर्मनीत आहे. इथे या नाण्यांना 'पोलिअर्टे प्लाटे' म्हणतात, म्हणजे घासून चकचकीत केलेली चकती. फ्रेंच 'फ्लां ब्र्युनी', तेही तेच. इटालियन 'फोन्दो स्पेक्यो', आरशाची जमीन (जमीन म्हणजे नाण्यावरचा उठावामागचा सपाट भाग). इटालियनमध्ये 'प्रोवा' शब्द आहे, पण तो चाचणीच्या नाण्याला. म्हणजे निम्म्या युरोपने 'प्रूफ'चा शब्दश: अनुवाद केलेलाच नाही. जे दिसतं किंवा जे केलं जातं, ते नाव दिलं.

शुद्धमती:
बघा, इटालियन लोकांनाही दर्पणच सुचला.

भिंगवाला:
दर्पण चालणार नाही. 1902 च्या सातव्या एडवर्डच्या संचाचं काय करणार? तो संच मॅट आहे. ठशांवर बारीक वाळूचा मारा करून चमक मुद्दाम घालवली होती. नाणं हातात घेतलं तर दूधकाचेसारखं, धुरकट. माझ्याकडे त्यातला क्राउन आहे, म्हणजे पाच शिलिंगांचं चांदीचं नाणं. आमच्या हिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "याला चिंच-मीठ लावू का?" आरसा औषधालाही नाही, पण ते प्रूफ आहे. 'दर्पणमुद्रा, परंतु दर्पण नसलेली' असं छापणार का?

खुर्दा:
भिंगवाला, तुम्हाला विचारायचंच होतं. साधं आणि प्रूफ नेमकं कसं ओळखता? लेखात एका परिच्छेदात 'कार्टव्हील' दोनदा आलंय आणि दोन्हींचा अर्थ वेगळा वाटतोय.

भिंगवाला:
वेगळाच आहे. एक कार्टव्हील म्हणजे 1797 चं बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतलं तांब्याचं नाणं, मॅथ्यू बोल्टनचं. दोन पेनीचं नाणं बरोबर दोन औंसाचं, 41 मिलिमीटर रुंद, कडेला जाडजूड धाव. खिशात ठेवलं तर विजार खाली ओढेल. म्हणून लोक त्याला गाडीचं चाक म्हणायला लागले.

दुसरं कार्टव्हील म्हणजे चमक. ठसा चकतीवर आदळला की धातू मधून कडेकडे सरकतो. हजारो नाणी पाडल्यावर त्या सरकण्याच्या बारीक रेषा ठशावरच उमटतात आणि ठशावरून पुढच्या नाण्यांवर. असं नवंकोरं साधं नाणं दिव्याखाली तिरकं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे भिंगरीसारखे गरगर फिरतात. प्रूफचा ठसा घासलेला असतो, तिथे उजेड फिरत नाही. जमीन एक तर काळीकुट्ट दिसते नाहीतर पांढरीफेक.

पण नुसत्या चमकेवर जाऊ नका, मी गेलो आणि फसलो. पंचवीस वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने मला 1887 चा क्राउन प्रूफ म्हणून दिला. लखलखीत! दाढी करता आली असती त्यात. घरी येऊन दहापट भिंगाखाली धरला तर जमिनीवर केसांसारखे ओरखडे, सगळे एकाच दिशेने, आणि ते राणीच्या गालावरूनही गेलेले. कोणीतरी साधं नाणं यंत्रावर घासलं होतं. ठसा घासला तर चमक खोलगट जमिनीत येते आणि उठाव वेगळा राहतो. नाणं घासलं तर सगळंच गुळगुळीत होतं, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या होतात. खऱ्या प्रूफवर अक्षराची भिंत जमिनीतून काटकोनात उठते. आणि काठावरच्या दातांच्या मधल्या फटीत बघायचं. घासणाऱ्याचा बोळा तिथवर पोहोचत नाही. तिथेही जमीन तितकीच चकचकीत असेल तर पुढे बोलायचं. बाह्य कड बोटाला सुरीसारखी लागली पाहिजे.

तेव्हा माझा एका महिन्याचा पगार गेला. अजून ठेवलाय तो क्राउन, कागद दाबायला.

मोडीवाचक:
काका, मग 'पारखनाणे' का नको? पारख आपलीच. पोतदार नाही का, नाणी पारखून पोत्यात भरणारा.

नेकरकाठी:
पोतदाराचा पोत्याशी संबंध नाही हो. तो फारसी 'फोतेदार'. आणि पारखनाणे म्हटलं तर वाचकाला वाटेल की कस लावून पाहिलेलं नाणं.

मोडीवाचक:
आमच्या आजोळी पोतदार आहेत, त्यांच्या घरात अजून तराजू आहे. फारसी असेल तर असू दे, पण पोतं होतंच.

शुद्धमती:
एक मुद्दा नोंदवतो. आपण सगळे मघापासून 'जिल्हई' म्हणतोय. तीही अरबी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? दिनांक, महापौर हे शब्द आधी हसण्यावारी नेले होते. आज कोण हसतं? शब्द घडवायचा, वापरायचा, दहा वर्षं थांबायचं.

खिळेजुळारी:
दिवाळीला दहा वर्षं नाहीत, तीन आठवडे आहेत.

जास्वंदी:
नमुना का नको ते मला अजून कळलेलं नाही. पहिलं नाणं नमुन्यादाखल काढतात, तेच हे ना?

भिंगवाला:
नाही ताई. नमुना म्हणजे मंजुरीसाठी काढलेलं, जे पुढे चलनात आलं किंवा आलंही नाही. आठव्या एडवर्डची 1937 सालची नाणी घ्या. त्याने डिसेंबर 1936 मध्ये गादी सोडली, नाणी कधी बाहेर पडलीच नाहीत. ती नमुना नाणी. वर त्याचा हट्ट होता की चेहरा डावीकडेच हवा, भांगाची बाजू दिसावी म्हणून. खरं तर पाळीने तो उजवीकडे यायला हवा होता. आणि त्यातली नाणी प्रूफ पद्धतीनेही पाडलेली आहेत. म्हणजे नमुना हे 'कशासाठी' याचं उत्तर आणि प्रूफ हे 'कसं पाडलं' याचं. दोन्हींना एकच शब्द दिलात तर त्या नाण्याचं वर्णन 'नमुना नमुना नाणे' करावं लागेल.

जास्वंदी:
आता कळलं. मग 'आरसपानी नाणे'? ऐकायला गोड आहे.

शुद्धमती:
आरसपानी! सुंदर. आरसा अधिक पाणी.

मोडीवाचक:
थांबा. आरसपान म्हणजे संगमरवर. जुन्या वाड्यात आरसपानी फरशी म्हणत ती संगमरवरी. आरशाशी जोडणं नंतरच्या कवींचं काम.

जास्वंदी:
पण आज 'आरसपानी सौंदर्य' म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यासमोर फरशी येते?

मोडीवाचक:
माझ्या.

बंदा_रुपया:
उशिरा आलो. या विषयाशी मुंबईचा जुना संबंध आहे, कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. 1791 मध्ये बोल्टनच्या त्याच सोहो टांकसाळीने ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी पाडली, वाफेच्या यंत्रावर. एका बाजूला कंपनीचं गाठोड्यावरचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. आपली अदालत त्याच घरातली. त्यांची प्रूफं आहेत, काही सोन्याचा मुलामा दिलेली, काही तपकिरी रंग चढवलेली. म्हणजे ज्या काळात गावोगावी हातोड्याने वेडेवाकडे शिवराई-ढब्बू पाडले जात, त्या काळात आपल्याच इलाख्याचं आरशासारखं नाणं बर्मिंगहॅमला तयार होत होतं.

पण सावध. सोहो बंद पडल्यावर जुने ठसे टेलर नावाच्या लंडनच्या ठसेगाराने विकत घेतले आणि त्यांवरून नव्याने नाणी पाडली. ठशांवर गंज होता, तो घासूनही पुरता जात नसे. त्या नाण्यांच्या जमिनीवर मुरुमासारखे बारीक उंचवटे दिसतात. चमक प्रूफची, ठसा मूळचा, पाडणारा भलताच. याला काय म्हणाल?

खिळेजुळारी:
दुसरी आवृत्ती.

बंदा_रुपया:
अजून एक. आपल्या मुंबई टांकसाळीच्या साध्या नाण्यावर सालाखाली छोटी चौकट असते, तिरपी, हिऱ्यासारखी. पण 1969 च्या गांधी शताब्दीच्या प्रूफ दहा रुपयांवर त्या जागी इंग्रजी 'बी' आहे. शहराचं नाव बदलल्यावर प्रूफवर 'एम' आलं. इथे भिंगसुद्धा लागत नाही.

भिंगवाला:
आणि ते 15 ग्रॅमचं चांदीचं साधं दहा रुपयाचं नाणं घराघरात 'प्रूफ आहे' म्हणून डबीत ठेवलेलं असतं. शंभरातल्या नव्वदांना चौकट दाखवून मी शत्रू केलेत.

खुर्दा:
सगळ्यांचे आभार. ताजी बातमी: मी शेवटी 'खासा ठसा' असं लिहून दिलं, पहिल्यांदा येतं तिथे 'म्हणजेच प्रूफ' जोडलं. संपादकबाई खूश. काल छापखान्यातून तपासायला पानं आली. तपासनीस शुद्धलेखनवाले आहेत. त्यांनी जिथे जिथे 'प्रूफ' होतं तिथे 'मुद्रित' केलंय, छपाईतल्या प्रूफाचा मराठी शब्द. आता "खासा ठसा, म्हणजेच मुद्रित" असं वाक्य आहे.

शुद्धमती:
तपासनिसांचं तत्त्व बरोबर आहे, जागा चुकली.

नेकरकाठी:
'खासा' अरबी आहे.

शुद्धमती:
मला ठाऊक आहे.

जास्वंदी:
मोडीवाचक, आईला विचारलं. ती म्हणते आमच्या देव्हाऱ्याखाली होता तो 'आरसपानी पाट' दगडाचाच, पांढरा, उन्हाळ्यात गार लागायचा. पण तिला वाटायचं की त्यात समईची ज्योत दिसते म्हणून आरसपानी. आता सांगा.