रूट सर्व्हर असताना प्रत्येकाशी वेगळं सेशन कशाला?

पोर्टवाला

इंटरनेट एक्स्चेंजवर, म्हणजे अनेक नेटवर्क एकमेकांना जोडतात त्या सामायिक जागेवर, १० जीचा (१० जीबीपीएस) पोर्ट आहे. दोन रूट सर्व्हर (सगळ्या सभासदांचे रूट, म्हणजे मार्ग, गोळा करून इतरांना कळवणारे), दोघांशी आयपी व्ही४ आणि व्ही६, म्हणजे एकूण चार बीजीपी सेशन (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ती जोडणी). तेवढ्यात बहुतेक सभासदांचे रूट हातात येतात. मग अशा मध्यम आकाराच्या, ग्राहकांना जोडण्या देणाऱ्या नेटवर्कने वर आणखी शे-दीडशे बायलॅटरल, म्हणजे एकेका सभासदाशी थेट, सेशन का सांभाळायची?

माझं मत: सांभाळू नयेत. ट्रॅफिकचा मोठा वाटा मोजक्या कंटेंटवाल्यांकडून येतो, त्यांच्याशी एक्स्चेंज वगळून थेट तारेची खासगी जोडणी म्हणजे पीएनआय करावी. बाकी सगळे रूट सर्व्हरवर. मधलं काही नको.

बायलॅटरल सेशन एकदा लावलं की झालं असं नसतं. प्रत्येकाला मॅक्स-प्रीफिक्सची मर्यादा (समोरून जास्तीत जास्त किती प्रीफिक्स, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट, घ्यायचे), फिल्टर, कधी सेशनला एमडी५चा पासवर्ड, आणि मेल पाठवला तर उत्तर देईल असा समोरचा माणूस लागतो. समोरच्याचे प्रीफिक्स ४० वरून १३० झाले आणि तुमची मर्यादा १०० असली की सेशन पडतं. गंमत म्हणजे ते पडल्याचं कुणाला कळतही नाही, कारण तेच रूट रूट सर्व्हरवरून येतच असतात! मग ते सेशन होतं तरी कशासाठी?

विलोम

असहमत. रूट सर्व्हर फक्त रस्ता सांगतो, पॅकेट त्याच्यातून जात नाहीत. ती तुमच्या राउटरमधून फॅब्रिकवरून (एक्स्चेंजच्या स्विचच्या जाळ्यावरून) थेट पिअरच्या, म्हणजे समोरच्या नेटवर्कच्या, राउटरकडे जातात. सगळी गोम इथेच आहे.

समजा एक्स्चेंजचे दोन स्विच आहेत. तुम्ही पहिल्यावर, पिअर दुसऱ्यावर, आणि रूट सर्व्हरपर्यंत दोघांचीही वाट ठीक आहे. मधल्या एका लिंकमध्ये असा बिघाड झाला की फक्त तुमच्या आणि त्या पिअरच्या मधली पॅकेट गळायला लागली. रूट सर्व्हरशी दोघांची सेशन हिरवी, रूट जागेवर, नेक्स्ट-हॉप (पुढचा टप्पा) पिअरचा पत्ता. काही राउटरवर एआरपीची नोंद (कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता एमएसी, म्हणजे हार्डवेअरचा, पत्ता आहे ती) चार तास टिकते, तोवर पॅकेट एका एमएसी पत्त्याकडे निघतात आणि गायब होतात. नोंद संपली तरी रूट हटत नाही, कारण नेक्स्ट-हॉप थेट जोडलेल्या सबनेटमधला आहे आणि राउटरच्या लेखी तो पोचण्याजोगाच आहे. ट्रान्झिट (पैसे मोजून घेतलेली उरलेल्या इंटरनेटची वाट) रिकामं पडलेलं असतं आणि ग्राहकांचं ट्रॅफिक खड्ड्यात जात असतं.

बायलॅटरल असतं तर ९० सेकंदांचा होल्ड टाइम (समोरून काहीच आलं नाही तर थांबायची मुदत) संपताच सेशन पडलं असतं आणि ट्रॅफिक ट्रान्झिटवर गेलं असतं. बीएफडी (वाट चालू आहे का हे सतत तपासणारी यंत्रणा) ३०० मिलिसेकंद गुणिले ३ असं लावलं असेल तर एका सेकंदाच्या आत.

पोर्टवाला

@विलोम, सिद्धांत बरोबर. पण नियोजित कामाच्या वेळी चांगली एक्स्चेंज हा प्रश्न येऊच देत नाहीत. २०१८च्या आरएफसी ८३२७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) सेशन कलिंग, म्हणजे सेशन मुद्दाम आधीच पाडणं, सांगितलं आहे (सम्राट अशोकाशी संबंध नाही). काम सुरू होण्याआधी पिअरिंग लॅनच्या (एक्स्चेंजच्या सामायिक जाळ्याच्या) पत्त्यांमधलं टीसीपी १७९, म्हणजे बीजीपीचं बोलणं, अडवतात, बाकी ट्रॅफिक चालू राहतं. होल्ड टाइम संपून सेशन आपोआप पडतात, ट्रॅफिक दुसरीकडे वळतं, मगच केबलला हात लावतात. उरला अचानक होणारा अर्धवट बिघाड. आणि एक्स्चेंजच्या लॅनवर बायलॅटरलला बीएफडी लावणारे किती आहेत, हे एकदा विचारून बघा.

विलोम

बीएफडी सोडा, ९० सेकंद तरी आहेत. रूट सर्व्हरच्या बाबतीत कुणीतरी फोन करेपर्यंत वाट बघायची.

जुनी केबल

तुम्ही दोघं गृहीत धरताय की सगळे रूट सर्व्हरवर असतातच. नसतात. पिअरिंगचं धोरण ‘सिलेक्टिव्ह’ किंवा ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ ठेवणारे बरेचदा रूट सर्व्हरशी सेशनच करत नाहीत. काही जण करतात, पण तिथे थोडेच प्रीफिक्स देतात आणि पूर्ण यादी बायलॅटरलवर. एका पिअरकडून रूट सर्व्हरवर २५ प्रीफिक्स आणि थेट सेशनवर ९० येत असतील, तर सेशन काढल्यावर ६५ प्रीफिक्सचं ट्रॅफिक ट्रान्झिटवर जाईल आणि त्याचे पैसे मोजावे लागतील.

आता दोन्हीकडून तोच प्रीफिक्स आला तर? नीट चालणारा रूट सर्व्हर एएस-पाथमध्ये (वाटेतल्या नेटवर्कच्या, म्हणजे एएसच्या, क्रमांकांच्या यादीत) आपला क्रमांक घालत नाही, म्हणून दोन्ही वाटांची लांबी सारखीच दिसते. निवड मग राउटर-आयडी किंवा जुना रूट असल्या किरकोळ निकषांवर होते. ती नशिबावर सोडू नये. ग्राहक ३००, बायलॅटरल २१०, रूट सर्व्हर २००, ट्रान्झिट १०० अशी लोकल-प्रेफची (वाटेच्या पसंतीचा आकडा, मोठा तो आधी) उतरंड लावली की प्रश्न मिटतो.

रूट सर्व्हर पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी आणखी एक: ‘एनफोर्स-फर्स्ट-एएस’ बंद करा. पाथमधला पहिला क्रमांक रूट सर्व्हरचा नसतो, त्यामुळे ही तपासणी चालू असली तर राउटर अपडेट नाकारतो आणि अख्खी दुपार फिल्टर तपासण्यात जाते.

गाळणी

माझा आक्षेप वेगळाच आहे: मर्यादा कुठे लावणार?

४० प्रीफिक्स देणाऱ्या पिअरला बायलॅटरलवर १०० ची मर्यादा लावता येते. त्याने चुकून आपल्या अपस्ट्रीमचं (त्याला ट्रान्झिट देणाऱ्याचं) सगळं रूट-टेबल तुमच्याकडे ढकललं तर १०१ व्या प्रीफिक्सला दार बंद. रूट सर्व्हरवरून मात्र २ लाख प्रीफिक्स येत असतील, तर मर्यादा २.५ लाखांच्या आसपास ठेवावी लागते. त्याच माणसाने २० हजारांची गळती केली तर ती तुमच्या मर्यादेखालून आरामात आत येते. मर्यादा घट्ट करावी, तर एकाच्या चुकीने सगळ्यांचे रूट एकदम जातात.

२४ जून २०१९ आठवा. एका नेटवर्कमधल्या बीजीपी ऑप्टिमायझरने (ट्रॅफिक हवं तिथे वळवणाऱ्या सॉफ्टवेअरने) मोठ्या प्रीफिक्सचे तुकडे पाडले. ते एका ग्राहकाकडे गेले, ग्राहकाने दुसऱ्या अपस्ट्रीमला म्हणजे व्हेरायझनला दिले आणि तिथून ते जगभर पसरले. क्लाउडफ्लेअरसकट अनेकांचं ट्रॅफिक एका छोट्या नेटवर्कच्या पाइपमध्ये कोंबलं गेलं. त्या एका सेशनवर साधी प्रीफिक्स-मर्यादा असती तरी प्रकरण तिथेच थांबलं असतं.

पोर्टवाला

@गाळणी, उदाहरण तुमच्यावरच उलटतं. क्लाउडफ्लेअरच्या आरओएमध्ये (कोणता एएस कोणता प्रीफिक्स किती लांबीपर्यंत जाहीर करू शकतो, त्या सहीच्या नोंदीत) कमाल लांबी /२० होती आणि गळालेले तुकडे /२१ चे होते. आरपीकेआय, म्हणजे अशा नोंदींची व्यवस्था, तपासणाऱ्या कुठल्याही रूट सर्व्हरने ते ‘इनव्हॅलिड’ म्हणून टाकले असते. शिवाय बरीच एक्स्चेंज रूट सर्व्हरवर प्रत्येक सभासदाला वेगळी मर्यादा आणि आयआरआरच्या (कोण कोणते रूट देणार, त्या सार्वजनिक नोंदवहीच्या) यादीचा फिल्टर लावतात. स्वतःच्या दीडशे बायलॅटरल सेशनवर इतकी नीट चाळण किती जण लावतात?

गाळणी

तुकडे पडले म्हणून पकडले गेले असते. साध्या गळतीत प्रीफिक्स मूळ लांबीचा असतो, शेवटचा, म्हणजे मूळ, एएसही खराच असतो, फक्त मधली वाट चुकीची असते. आरपीकेआयची मूळ-तपासणी त्याला ‘व्हॅलिड’च म्हणणार. आयआरआरचे एएस-सेट, म्हणजे कुणामागे कोणकोणते एएस आहेत त्या याद्या, तर इतके फुगलेले असतात (एकाने दुसऱ्याचा सेट घातला, दुसऱ्याने तिसऱ्याचा) की त्यातून हत्ती जाईल. यावर खरा उतारा २०२२च्या आरएफसी ९२३४ मधली भूमिका (सेशनवर कोण ग्राहक, कोण पिअर हे जाहीर करणं) आणि ओटीसीची, म्हणजे ‘फक्त ग्राहकाला’ अशी, खूण. पिअरकडून किंवा रूट सर्व्हरकडून आलेल्या रूटवर खूण बसते आणि तो फक्त खाली, ग्राहकांकडेच जाऊ शकतो. पण भूमिका जुळवून घ्यायच्या तर दोन्ही टोकांच्या सॉफ्टवेअरला ते यायला हवं.

सभासदाला वेगळी मर्यादा असल्याचा मुद्दा मान्य. एक्स्चेंजच्या कागदपत्रात ती लिहिलेली आहे का, एवढं तपासून घ्या.

उलटतपासणी

रूट सर्व्हरवर नियंत्रणच नसतं, असंही नाही. कम्युनिटी (रूटला चिकटवायच्या सूचनांच्या खुणा) असतात: ०:पिअरचा-एएस म्हणजे त्याला देऊ नको, रूट-सर्व्हरचा-एएस:पिअरचा-एएस म्हणजे त्याला दे, अशी रूढ पद्धत. पण साध्या कम्युनिटीच्या प्रत्येक भागात १६ बिटच मावतात. पिअरचा एएस क्रमांक ६५५३५ च्या वरचा असेल तर २०१७च्या आरएफसी ८०९२ मधल्या लार्ज कम्युनिटी वापराव्या लागतात.

इथे एक छुपा खड्डा आहे. एकच प्रीफिक्स ‘अ’ आणि ‘ब’ दोघेही देतात. रूट सर्व्हरच्या मते ‘अ’ची वाट उत्तम, पण ‘अ’ने सांगून ठेवलंय की ‘क’ला देऊ नको. रूट सर्व्हर सगळ्यांसाठी एकच उत्तम वाट निवडत असेल तर ‘क’ला काहीच मिळत नाही, ‘ब’ची वाट तयार असूनही! प्रत्येक सभासदासाठी वेगळं टेबल ठेवणं किंवा पहिली वाट अडली की पुढची देणं हा त्यावरचा उपाय. बर्ड या रूट सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘सेकंडरी’ हा पर्याय आहे.

विलोम

कम्युनिटीने मुख्यतः ‘कुणाला’ हेच ठरतं. एखाद्या पिअरला ‘याच शहरात दे, त्या शहरात नको’ म्हणून एमईडी (कोणत्या जोडणीतून द्यायचं, ही समोरच्याला सांगितलेली पसंती) ठरवायची असेल तर ती बोलणी थेटच करावी लागतात. रूट सर्व्हरशी बोलणी होत नाहीत.

हिशेबनीस

पीएनआयचा विषय एका ओळीत उरकला गेलाय, म्हणून पैशाचं बोलतो.

पीएनआय म्हणजे मासिक भाड्याचा क्रॉस-कनेक्ट (दोघांच्या राउटरमधली थेट केबल), दोन ऑप्टिक (प्रकाशाने सिग्नल पाठवणारी-घेणारी मॉड्यूल) आणि राउटरवरचा एक पोर्ट. खरी अडचण ती बंद पडल्यावर कळते. पीएनआयवर संध्याकाळी ८ जीबीपीएस आणि एक्स्चेंजच्या १० जीच्या पोर्टवर आधीच ५. पीएनआय पडली की १३ जीबीपीएस १० मध्ये घुसायला बघतात. म्हणजे त्या एका पिअरसकट सगळ्यांचंच ट्रॅफिक गळतं. आणि त्या पिअरशी बायलॅटरल नसेल, तो रूट सर्व्हरवरही नसेल, तर सगळं ट्रान्झिटवर.

ट्रान्झिटचं बिल ९५ व्या पर्सेंटाइलने निघतं. दर पाच मिनिटांना एक नोंद, ३० दिवसांत ८,६४० नोंदी. वरच्या ५ टक्के म्हणजे ४३२ नोंदी सोडून देतात, म्हणजे ३६ तास माफ. दुरुस्ती लांबली आणि रोज संध्याकाळी ५ तास ट्रान्झिटवर उधाण आलं, तर सात दिवसांत ३५ तास होतात, बिलावर ओरखडाही नाही. आठव्या संध्याकाळी ३६ ओलांडले की महिनाभराचं बिल उधाणाच्या आकड्यावर. दुरुस्तीला किती घाई करायची हे या आकड्यावरून ठरवावं.

म्हणून माझा आडाखा असा: एका पिअरचं संध्याकाळचं ट्रॅफिक पोर्टच्या ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की पीएनआय, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी. आणि पीएनआयवाल्यांशी एक्स्चेंजवरचं बायलॅटरल काढायचं नाही, फक्त लोकल-प्रेफ कमी ठेवायचा.

जुनी केबल

+१. क्रॉस-कनेक्ट जोडल्यावर लिंक उठली नाही तर आधी प्रकाश बघा. १० जी एलआर (लांब पल्ल्याच्या) ऑप्टिकची प्रकाश घेण्याची क्षमता -१४.४ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं एकक). -३, -५ दिसतंय म्हणजे छान. दोन्ही टोकांना -४० दिसतंय म्हणजे प्रकाशच नाही, आणि बहुतेक वेळा पाठवणारा पाठवणाऱ्याला जोडलेला असतो. एका टोकाला एलसी कनेक्टरच्या दोन तारा उलट करा. तिकीट टाकण्याआधी हे करून बघितलं की एक दिवस वाचतो.

नवखा_एएस

बायलॅटरलसाठी करारनामा वगैरे करावा लागतो का? वकिलाचा खर्च असेल तर आमच्या आकाराच्या नेटवर्कला रूट सर्व्हरच बरा.

उलटतपासणी

नाही हो. पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेने २०११ मध्ये सुमारे १ लाख ४२ हजार पिअरिंग जोडण्या तपासल्या, त्यातल्या ९९.५ टक्के तोंडी किंवा मेलवरच्या बोलीवर होत्या. २०१६ मध्ये १९ लाखांहून अधिक तपासल्या, तेव्हा हे प्रमाण ९९.९ च्याही वर गेलं. एक मेल, त्यात एएस क्रमांक, एक्स्चेंजवरचे दोन्ही पत्ते, एएस-सेट आणि प्रीफिक्सची कमाल संख्या. ही माहिती पिअरिंगडीबी या नेटवर्कांच्या सार्वजनिक यादीवर भरलेली असली तर समोरचा तिथूनच उचलतो. आपली नोंद मात्र ताजी ठेवा. जुना आकडा पडून राहिला तर पोर्टवालांनी सांगितलेलं ४०-१३० चं नाटक तुमच्या बाबतीत घडेल.

पोर्टवाला

समोरच्याला मेल पोचतो, उत्तर येत नाही. अर्धी सेशन महिनोन्महिने ‘अॅक्टिव्ह’मध्ये लटकलेली असतात, आणि बीजीपीत ‘अॅक्टिव्ह’ म्हणजे चालू नव्हे, हे नव्यांना समजावण्यात वेळ जातो तो वेगळाच.

असो. जुनी केबल आणि हिशेबनीस यांचं मानतो: पीएनआयवाले आणि रूट सर्व्हरवर अर्धवट यादी देणारे, यांची बायलॅटरल ठेवतो. बाकीची काढणार. क्रम असा: आधी प्रत्येक पिअरचे थेट आणि रूट सर्व्हरवरचे प्रीफिक्स शेजारी ठेवून फरक काढायचा. फरक शून्य असेल तर बायलॅटरलचा लोकल-प्रेफ १९० करायचा, आठवडाभर ट्रॅफिक बघायचं, मग सेशन शटडाउन.

विलोम

तुमचं लोकल-प्रेफ फक्त जाणारं ट्रॅफिक हलवतं. येणारं समोरच्याच्या लोकल-प्रेफवर येतं, आणि ग्राहकांच्या नेटवर्कमध्ये येणारंच जास्त असतं. आठवडाभर तुम्ही बघाल तो आलेख अर्धाच असेल. शटडाउनआधी त्या सेशनवर आपले रूट ६५५३५:० ही कम्युनिटी लावून पाठवा. समोरचा ही ‘ग्रेसफुल शटडाउन’ची, म्हणजे सेशन बंद होणार असल्याची, खूण मानत असेल तर तो स्वतःहून त्यांचं लोकल-प्रेफ खाली आणेल.

पोर्टवाला

आणि मानत नसेल तर?

विलोम

तर मेल करावा लागेल. ज्याचं उत्तर येत नाही, तोच.